डार्क चॉकलेट आणि मनःप्रसाद : एक चिकित्सकीय विचार

“उदास वाटले की डार्क चॉकलेट खावे काय?” हा प्रश्न रुग्ण अलीकडे वारंवार विचारतात. वैद्याजवळ त्याचे विचारपूर्वक उत्तर असावे, या हेतूने हे टिपण सादर करीत आहोत.

द्रव्यविचार : कोको हा मूळचा अमेरिका खंडातील वृक्ष. संहितांत त्याचा उल्लेख नाही; म्हणून अनुक्त द्रव्य या नात्याने रसगुणांवरून त्याचे कर्म अनुमानावे लागते. बीज तिक्त-कषाय, त्यातील स्नेह गुरु. शर्करेमुळे मधुर रसाची जोड मिळते. ७० ते ८५ टक्के कोको असलेल्या ३० ग्रॅम चॉकलेटमधून सुमारे २४० मि.ग्रॅ. थिओब्रोमिन, २४ मि.ग्रॅ. कॅफीन व १८० किलोकॅलरी मिळतात. पहिली दोन्ही द्रव्ये उत्तेजक होत.

संशोधन : २००७ मधील एका प्रयोगात रुचकर चॉकलेटने खिन्नता उणावली, परंतु हा परिणाम काही मिनिटेच टिकला. २०१० मध्ये अमेरिकेत आढळले की, विषादाची लक्षणे असणारे लोक चॉकलेट अधिक खातात. २०१९ मध्ये तेथीलच १३,६२६ प्रौढांच्या पाहणीत डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत विषादलक्षणे कमी दिसली. अशा पाहण्यांतून साहचर्य कळते, कार्यकारणभाव नव्हे. २०२२ मध्ये कोरियात ८५ टक्के कोकोचे ३० ग्रॅम चॉकलेट तीन आठवडे रोज दिल्यावर नकारात्मक भाव घटले. ७० टक्क्यांच्या चॉकलेटने तसे घडले नाही. मात्र हे प्रयोगार्थी निरोगी व संख्येने थोडे होते.

चिकित्सोपयोग : आमच्या मते चॉकलेट हा आहारातील आनंद आहे, विषादाचे औषध नव्हे. निरोगी व्यक्तीने भोजनोत्तर एक-दोन लहान तुकडे घेण्यास हरकत नाही. अनिद्रा, अम्लपित्त, अर्धावभेदक व प्रमेह असणाऱ्यांबाबत तारतम्य ठेवावे.

प्रश्नपरीक्षेत मात्र चॉकलेटला अवश्य स्थान द्यावे. ते खाण्याची इच्छा अलीकडे वाढली काय, कोणत्या वेळी होते, त्यापूर्वी मन कसे असते, हे विचारावे. वाढलेली इच्छा हे कधी कधी विषादाचेच लिंग असते. चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास अग्रस्थान दिले आहे, हे विसरू नये. खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास, निद्रा व क्षुधा बिघडल्यास मानसरोगतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. जीवन नकोसे झाल्याचे उद्गार निघाल्यास त्याच दिवशी घ्यावे. चालू असलेली औषधे रुग्णाने परस्पर बंद करू नयेत, हेही स्पष्ट सांगावे. सत्त्वावजय चिकित्सेचा आरंभ रुग्णाचे ऐकून घेण्यापासूनच होतो.