धूर न सोडणारी गाडी

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात औंध हे गाव आहे. डोंगरावर यमाईचे मंदिर आणि डोंगराच्या वाटेवर चित्रांचे प्रसिद्ध संग्रहालय, यांमुळे लोक दुरून औंधला येतात. १९४८ पर्यंत औंध हे एका लहानशा संस्थानाचे मुख्य गाव होते. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. पण त्यांना यंत्रांचेही कौतुक होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना लोखंडी नांगरांचा कारखाना काढायचा होता. १९१० साली राजेसाहेबांनी त्यांना संस्थानातील माळरानाची जागा दिली. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि तेथे पाणी उपसण्याचे पंप तयार होतात.

नवे यंत्र आले की लोक प्रथम विचारतात, "याने काम किती होते?" दुसरा प्रश्न मात्र बहुधा उशिरा विचारला जातो : "याची किंमत कोण मोजतो?" विजेवर चालणाऱ्या मोटारीबद्दल आपण हे दोन्ही प्रश्न विचारू.

या मोटारीला पेट्रोलची टाकी नसते. तिच्या तळाशी मोठी बॅटरी असते आणि त्या विजेवर मोटर फिरते. धूर सोडणारी नळीच नसल्यामुळे रस्त्यावरची हवा खराब होत नाही. बाजारात, शाळेसमोर, एस.टी. स्टँडवर याचा फायदा सहज लक्षात येतो. शिवाय पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील बहुतेक शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेच्या मोटरीत फारच थोडी वाया जाते. आणखी एक गंमत आहे. खंबाटकी घाट उतरताना चालक वेग कमी करतो, तेव्हा हीच मोटर उलटे काम करून वीज तयार करते व ती बॅटरीत परत जाते. पेट्रोलची गाडी घाट उतरली म्हणून तिच्या टाकीत थेंबभरही पेट्रोल वाढत नाही!

मग तोटा कोठे आहे? तो गाडीपासून दूर आहे, म्हणून दिसत नाही.

महाराष्ट्रातील बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, परळी अशा ठिकाणी कोळसा जाळून तयार होते. म्हणजे औंधच्या रस्त्यावर न निघालेला धूर चंद्रपूरच्या धुराड्यातून निघतो. आता थोडा हिशेब करू. लहान पेट्रोल मोटारीला १०० किलोमीटरसाठी सुमारे ६ लिटर पेट्रोल लागते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. म्हणजे १४ किलो झाला. विजेच्या मोटारीला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे १५ युनिट वीज लागते. कोळसा, पाणी, वारा, ऊन अशी सर्व प्रकारची वीज एकत्र धरली तर आपल्या देशात एका युनिटमागे ढोबळमानाने ०.७ किलो वायू निघतो. म्हणजे साडेदहा किलो. फायदा झाला, पण केवळ साडेतीन किलोंचा. सगळी वीज कोळशाचीच असती, तर तोही उरला नसता.

बॅटरी तयार करतानाही असा वायू निघतो. एका मोटारीच्या बॅटरीसाठी तो ३ टन धरला, तर १०० किलोमीटरमागे साडेतीन किलो वाचवत ते कर्ज फेडायला गाडीला सुमारे ८५ हजार किलोमीटर धावावे लागेल. (पेट्रोल जमिनीतून काढून, शुद्ध करून पंपापर्यंत आणतानाही धूर होतोच, तो मोजला तर हे अंतर कमी होते.) रोज दीडशे किलोमीटर धावणारी टॅक्सी हे कर्ज दोन वर्षांत फेडील. आठवड्यातून एकदा दारातून बाहेर निघणाऱ्या मोटारीकडून ते कधी फिटणार?

म्हणूनच विजेवर प्रथम बस आणि रिक्षा चालाव्यात, असे मला वाटते. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली बस अहमदनगर ते पुणे या मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी पहिली 'शिवाई' बस याच मार्गावर सुरू झाली. साताऱ्याच्या लोकांना तर याहून जवळचे उदाहरण आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी मोटारींची एवढी चर्चा नव्हती तेव्हाच विजेवर चालणारी सायकलरिक्षा तयार केली होती. तिचे नाव 'इलेक्शा'. रिक्षा ओढणाऱ्या माणसाचे कष्ट कमी व्हावेत आणि शहरातला धूरही कमी व्हावा, हा तिचा हेतू. गाडी हलकी, म्हणून बॅटरीही लहान.

बॅटरीतील लिथियम हा धातू कोठून येतो, तेही पाहू. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात आटाकामा नावाचे वाळवंट आहे. तेथे जमिनीखालचे खारे पाणी उपसून मोठमोठ्या तळ्यांत उन्हात आटवतात आणि त्यातून लिथियम काढतात. आधीच कोरडा असलेला तो प्रदेश! आपल्या विहिरी व झरे आटतील, ही तेथील रहिवाशांची भीती आहे. माण आणि खटाव तालुक्यांतील लोकांनी टँकरची वाट पाहत अनेक उन्हाळे काढले आहेत. त्यांना ही भीती समजावून सांगावी लागणार नाही. काही बॅटऱ्यांत कोबाल्टही असते. ते मुख्यतः आफ्रिकेतील काँगो देशातून येते आणि तेथील काही खाणींत लहान मुले राबतात.

जुन्या बॅटरीचे काय करायचे, हाही प्रश्न आहे. ती उकिरड्यावर टाकली तर विषारी द्रव्ये जमिनीत मुरतात. २०२२ साली भारत सरकारने यासाठी नियम केले. बॅटरी तयार करणाऱ्यानेच ती परत गोळा करून तिच्यातील धातू पुन्हा वापरात आणायचे, असे त्यांत सांगितले आहे.

धूर न करता होणारी वीजही फुकट मिळत नाही. कोयनेच्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. पण त्या धरणासाठी कितीतरी गावे उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अनेक दशके रेंगाळले. चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या पावसाळी वाऱ्यात जोरात फिरतात, इतर महिन्यांत मंदावतात. उरते ऊन. ते खटाव तालुक्यात भरपूर आहे, पण दिवसाच. बहुतेक लोक मात्र गाडी रात्री घरी आल्यावर बॅटरी भरायला लावतात आणि त्या वेळी कोळशाचीच वीज अधिक असते. हीच बॅटरी दुपारी बारा वाजता, कचेरीच्या किंवा बाजाराच्या आवारात सौर पत्र्यांखाली भरली, तर वरच्या हिशेबातील साडेदहा किलोंचा आकडा बराच खाली येईल.

शब्दार्थ
माळरान – ओसाड, खडकाळ जमीन. धुराडे – धूर बाहेर सोडणारी उंच नळी. ढोबळमानाने – अंदाजाने. पुनर्वसन – उठलेल्या लोकांना दुसरीकडे वसवणे.

स्वाध्याय
१. विजेच्या मोटारीचा धूर 'दूर' का निघतो?
२. एक मोटार रोज ४० किलोमीटर धावते. ती बॅटरीचे कर्ज किती वर्षांत फेडील?
३. हवा, जमीन, कारखाना, हिशेब, फायदा हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.