'फ्लँज' : एका तांत्रिक शब्दाचे अर्थक्षेत्र आणि मराठी परिभाषेचा प्रश्न

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतील एक जुने गाव. त्याच्या एका अंगास जवाहरलाल नेहरू विद्यापीठ असून दुसऱ्या अंगास रामकृष्णपुरम् ही वसाहत आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे कार्यालय दीर्घकाळ या वसाहतीत होते. भारतीय भाषांना समान परिभाषा मिळवून देण्याचे कार्य जेथे चालले, त्याच परिसराच्या भूगर्भातून मे २०१८ पासून मेट्रो धावू लागली. तिच्या प्रत्येक चाकाला आतील बाजूस एक उंच कड असते. इंग्रजीत तिला 'फ्लँज' म्हणतात. या शब्दाला मराठी प्रतिशब्द द्यावा काय, आणि दिल्यास कोणता, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी परिभाषानिर्मितीच्या मुळाशी जाणारा आहे.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतो. 'बाजू, कूस' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दकुळाशी कोशकार त्याचा संबंध जोडतात. त्याचा सामान्य अर्थ 'वस्तूच्या मूळ अंगापासून बाहेर आलेली कड' असा देता येईल. परंतु हे झाले आकाराचे वर्णन. व्यवहारात या कडेकडे निरनिराळी कार्ये आलेली आहेत. नळाच्या टोकावरील फ्लँज दुसऱ्या नळाच्या फ्लँजला बोल्टांनी आवळला जातो व मधल्या चकतीमुळे सांधा गळत नाही. येथे कार्य जोडण्याचे आहे. पोलादी तुळईच्या वरील व खालील आडव्या पट्ट्यांनाही फ्लँजच म्हणतात. तुळई वाकू लागली की त्या वाकण्यातून उत्पन्न होणारा ताण व दाब मुख्यत्वे या पट्ट्या सोसतात. येथे कार्य पेलण्याचे आहे. आगगाडीच्या चाकावरील फ्लँजचे कार्य रोखण्याचे आहे. सरळ मार्गावर तो रुळाला सहसा स्पर्शही करीत नाही, कारण चाकाचा किंचित निमुळता पृष्ठभागच गाडीला मध्यावर ठेवतो. वळणावर किंवा चाक बाजूस सरकू लागल्यावर मात्र फ्लँज रुळाला भिडतो व गाडी घसरू देत नाही.

या तिसऱ्या अर्थाचा इतिहास मराठी वाचकाला विशेष उद्बोधक आहे. १७८०च्या दशकात जॉन कर याने इंग्लंडमधील शेफील्डच्या कोळसाखाणीत जे लोखंडी मार्ग वापरले, त्यांत उभी कड चाकाला नसून रुळालाच होती आणि साधी चाके तिच्या आधाराने चालत. पुढे कडा असलेली चाके व सपाट माथ्याचे रूळ हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. म्हणजेच मर्यादा प्रथम मार्गात होती, ती नंतर चाकात आली. मराठीतील 'चाकोरी' हा शब्द यांपैकी पहिली अवस्था दाखवितो. बैलगाडीच्या चाकांनी वाटेत पाडलेला चर म्हणजे चाकोरी, आणि पुढची गाडी त्याच चरातून जाते. रघुवंशाच्या पहिल्या सर्गात मळलेली वाट न सोडणाऱ्या चाकाच्या नेमीची जी उपमा येते, तिच्यामागेही हीच वस्तुस्थिती आहे. फ्लँज ही कल्पना याच्या उलट आहे. येथे चाक आपली मर्यादा स्वतःबरोबर वागविते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, तेव्हा ही नवी वस्तू मराठी मुलखात आली. तिच्यासाठी तयार शब्द भाषेत असणे शक्यच नव्हते.

जवळचे शब्द मात्र पुष्कळ आहेत. 'कड' आणि 'काठ' केवळ सीमा दाखवितात. 'कंगोरा' हा फारसीतून आलेला शब्द उंचवटा सुचवितो, पण तो शोभेकडे झुकतो. 'नेमी' म्हणजे चाकाचा संपूर्ण घेर. सर्वांत जवळ येतो तो 'पाळ' हा शब्द. त्याचे मूळ संस्कृत 'पालि' असून त्यात कानाची पाळी, कड व बांध हे तिन्ही अर्थ आहेत. तळ्याची पाळ पाण्याला आत ठेवते. तेथे आकार आणि रोखण्याचे कार्य दोन्ही एकत्र आले आहेत. तथापि नळाचा सांधा किंवा तुळईचा पट्टा यांना 'पाळ' म्हटल्यास जोडण्याचे व पेलण्याचे कार्य वाचकाच्या ध्यानात येणार नाही.

शब्दाचे पुढील प्रवासही लक्षात घ्यावयास हवेत. प्रौढ ओरांगउटान नरांपैकी काहींच्या गालांवर मांसल कडा वाढतात, त्यांनाही इंग्रजीत हेच नाव आहे. एकच ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर वाजवून त्यांपैकी एका रिळाच्या कडेवर बोट दाबले असता त्याची गती मंदावते व एकत्रित ध्वनीत लाटेसारखा फेर उत्पन्न होतो. त्या परिणामाला 'फ्लँजिंग' हे नाव मिळाले. येथे वस्तूचे नाव क्रियेला आणि क्रियेचे नाव नादाला लाभले आहे. 'पाळ' हा प्रतिशब्द या ठिकाणी अर्थहीन ठरेल.

आयोगाच्या तत्त्वांत आंतरराष्ट्रीय संज्ञा लिप्यंतराने ठेवणे, रूढ झालेले परकीय शब्द टिकविणे आणि आवश्यक तेथे संकरित रूपे स्वीकारणे यांस स्थान आहे. त्याबरोबरच प्रतिशब्द भारतीय भाषांना शक्य तितके समान असावेत, अशीही अपेक्षा आहे. या कसोटीवर यंत्रशास्त्र, स्थापत्य व ध्वनिशास्त्र यांत 'फ्लँज' हाच शब्द ठेवणे योग्य होय. 'फ्लँजचा', 'फ्लँजला', 'फ्लँजवर' अशी रूपे मराठी विभक्तींना सहज मानवतात. प्राणिशास्त्रात मात्र अवयवाचे नाव वर्णनपर असणे इष्ट असल्याने 'गालपाळ' असा शब्द सुचविता येईल.

एका इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द मांडण्याची कोशांची रीत येथे अपुरी पडते. नोंदीत शब्दाबरोबर त्याचे कार्यही सांगितले गेले पाहिजे. अन्यथा विद्यार्थ्याला केवळ कड दिसेल. ती कड काय जोडते, काय पेलते आणि कशाला रोखते, हे त्याला कळणार नाही.