आधी हिशेब, मग स्लॅब

अगं, साइट इन्चार्ज झालीस, पेढे झाले, आता जरा माझ्याजवळ बस. ड्रॉइंग आणि शेड्यूल तुला माझ्याहून चांगलं कळतं. मला बोलायचंय ते २०२० बद्दल. तेव्हा तू कॉलेजात होतीस, मी साइटवर.

२४ मार्चला रात्री आठला कोरोनाच्या लॉकडाउनची घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून सगळं बंद. आपल्या धंद्यातली रीत तुला आता दिसेलच. मजुराला आठवड्याला मिळते ती खर्ची, पोटापुरती. पुरता हिशेब होतो गावी निघताना. म्हणजे त्या रात्री कितीतरी जणांची घामाची कमाई ठेकेदाराकडेच अडकलेली होती. आम्ही मास्क, सॅनिटायझर, ताप मोजायला कपाळावर धरायची ती पिस्तुलं जमवत होतो आणि लेबर कॅम्पात सवाल एकच, "मॅडम, हमारा हिसाब?" पत्र्याच्या एका खोलीत सहा-आठ जण झोपतात, तिथे दोन हातांचं अंतर कुठून आणणार? हिशेब मात्र आपल्या हातात होता. माझ्या पाहण्यात, जिथे तो वेळेवर झाला तिथली माणसं थांबली, किंवा गेली तरी परतली.

१ मेपासून मजुरांना गावी नेणाऱ्या श्रमिक गाड्या सुटू लागल्या होत्या. तरीही ८ मेला करमाडजवळ गावाकडे पायी निघालेले, रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या स्टील कारखान्यातले होते ते. आपल्या स्लॅबमधल्या सळया जालन्याहूनही येतात, म्हणून हे परक्याचं दुःख समजू नकोस.

त्याआधी, २० एप्रिलपासून काही ठिकाणी काम सुरू करायला परवानगी मिळाली, पण मजूर साइटवरच राहत असतील तर. २०२१च्या एप्रिलमध्ये राज्याची अट पुन्हा तीच. म्हणून कॅम्पातलं पाणी, संडास, मोबाइलचा रिचार्ज ही वरकड कामं नव्हेत, तुझ्या शेड्यूलचाच भाग आहेत. मुकादमाशी रोज बोल. अफवा तुझ्याआधी त्याच्या कानावर जाते. आणि हजेरीत बाईचं नाव नवऱ्याच्या नावाखाली बुडू देऊ नकोस. तिचे पैसे तिच्या खात्यात.

बंद साइट उघडताना घाई नको. उघड्या सळयांना गंज चढलेला असतो, टेकू हललेले असतात, क्रेन तपासल्याशिवाय चालवायची नसते. वरून फोन येतील, "ताबा कधी?" खरी तारीख सांग. रेरानेही २०२०मध्ये सहा महिने वाढवून दिलेच ना! जी तारीख जमणार नाही ती कबूल करणारा साहेब मला कधीच शूर वाटला नाही. त्याच्या शब्दाची किंमत शेवटी सेंट्रिंगवाल्याच्या रात्रपाळीतून वसूल होते.

आणखी एक, कंटाळवाणं वाटेल. २०२०च्या एप्रिलमध्ये बांधकाम कामगार मंडळाने २००० रुपये दिले, पण फक्त नोंदलेल्या कामगारांना. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो अनेकदा साइट ऑफिसातच पडून राहतो, कारण सही करायला कुणाला वेळ नसतो. सोमवारी रुजू झालीस की मस्टर मागवून घे आणि ज्यांचे ९० दिवस भरलेत त्यांच्या दाखल्यांवर त्याच आठवड्यात सह्या कर.