मनातला तर्क एकदा बोलून बघ

अगं, काल फोनवर तू भडाभडा सगळं सांगितलंस ते मी नुसतं ऐकून घेतलं. रागात असलेल्या माणसाला मध्येच तोडू नये, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. आता निवांत लिहिते.

तुझं म्हणणं असं, की बँकेत पासिंगला बसणाऱ्या मॅडम तुझी व्हाउचरं परत पाठवतात आणि तुला सगळ्यांसमोर कमी दाखवायला मुद्दाम पाठवतात. व्हाउचरं परत आली, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. ती कशासाठी परत आली, हे तुझ्या मनानं जोडलं. ते खोटंच आहे असं मी म्हणत नाही. पण ते अजून कुणी तपासलेलं नाही, आणि तू मात्र ते खरं धरून जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे पाठ करून बसायला लागलीस.

असं तुझ्या एकटीचंच होतं असं नाही. १९६७ साली अमेरिकेत एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना क्यूबाच्या फिडेल कास्त्रोविषयीचे निबंध वाचायला दिले. काही त्याच्या बाजूचे, काही विरोधातले. लिहिणाऱ्याला बाजू निवडायची मुभा नव्हती, ती वरून ठरवून दिली होती, असं सांगितलेलं असतानाही वाचणाऱ्यांना वाटत राहिलं, की बाजूनं लिहिणारा मनातूनही थोडाफार कास्त्रोचाच असणार. पुढे १९७७ मध्ये ली रॉस यांनी या खोडीला शास्त्रीय नाव दिलं. समोरचा असा का वागला, याचं उत्तर आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याची परिस्थिती विसरतो. आपल्याला उशीर झाला की लोकल लेट असते. दुसरीला उशीर झाला की ती बेफिकीर असते.

आता मॅडमची परिस्थिती काय आहे? ती तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एंट्री एकीनं करायची आणि पास दुसरीनं, हा बँकेतला नियमच. पास करणारीचा आयडी त्या व्यवहारावर कायमचा राहतो. आरटीजीएसची रक्कम दोन लाखांच्या खाली नसतेच. त्यात खातेक्रमांकाचा एक आकडा चुकला तर पैसे भलत्याच्या खात्यात जाऊ शकतात. मग धावाधाव आणि ऑडिटरसमोर उत्तरं देणं दोघींच्या वाट्याला येतं. चेक तीन महिन्यांच्या वरचा असेल, अक्षरी रक्कम आणि आकडा जुळत नसेल, तर व्हाउचर परत पाठवणं हेच त्यांचं काम. मागच्या ऑडिटमध्ये त्यांच्या नावावर एखादा शेरा बसला असेल. घरी कुणी आजारी असेल. यातलं एकही कारण नसेल आणि तू म्हणतेस तेच खरं असेल, हेही शक्य आहे. पण इतक्या शक्यतांमधून तुझ्या मनानं एकच उचलली आणि तीही सगळ्यात जास्त टोचणारी.

हार्वर्डमध्ये शिकवणारे क्रिस आर्गिरिस याला तर्काची शिडी म्हणत. पीटर सेंगे यांच्या पुस्तकांतून ती जगभरच्या ऑफिसांत पोचली. खालच्या पायरीवर जे घडलं ते सगळं. त्यातलं थोडंसंच आपण उचलतो, त्याला अर्थ चिकटवतो, अर्थावरून माणूस कसा आहे ते ठरवतो आणि मग तसं वागायला लागतो. हे सगळं इतक्या झटपट होतं, की मधल्या पायऱ्या चढल्याचं कळतही नाही. आणि वर पोचलं, की खालचं आपल्याला हवं तेवढंच दिसतं. मॅडमनी तुझी कितीतरी व्हाउचरं एका दमात पास केली असतील, ती तू मोजलीस का? शेजारच्या काउंटरवरची किती परत गेली, ते पाहिलंस का?

आता जरा टोचणारं बोलते, रागावू नकोस. आपल्याकडे माणूस रुजू व्हायच्या आधी त्याचं आडनाव रुजू होतं. ते कळलं, की हा कोणत्या कोट्यातून आला याची कुजबुज चहाच्या वेळी सुरू होते, आणि मग कुणाच्याही हातून होते तशी साधी चूकही त्या कोट्याच्या नावावर लागते. अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या मुलाचं तेच. प्रसूतीच्या रजेवरून परतलेल्या बाईचं तर विचारूच नकोस. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा कायद्यानं तिचा हक्क आहे, पण ती खुर्चीवर बसायच्या आत ‘आता हिचं लक्ष घरी’ असं ठरलेलं असतं. हे सगळे तर्कच आहेत, आणि यांनी माणसांची अख्खी नोकरी नासते. असला तर्क मनात दिसला तर तो त्या माणसासमोर जाऊन मांडायचा नाही. ‘मला तुमच्याबद्दल असं वाटायचं’ म्हणून आपलं मन हलकं होईल, त्याच्या मनावर मात्र ओरखडा राहील. तो आपल्यापाशीच ओळखायचा आणि टाकून द्यायचा. मॅडमविषयी तुझ्या मनात असलं काही मिसळलंय का, तेवढं एकटीनं बघ.

त्यानंतर जे उरेल ते बोलायचं. पण बोलायच्या आधी एक कर. आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनीच शिकवलेली ही रीत आहे आणि मी ती कितीतरी जणींना सांगितली आहे. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मार. उजवीकडे प्रत्यक्ष जे बोललं गेलं ते लिही. डावीकडे तेव्हा मनात आलेलं, पण तोंडून न निघालेलं. तुझं पान मला आताच दिसतंय. उजवीकडे मॅडम: “ही सही जुळत नाही, परत घे.” तू: “बरं.” डावीकडे मात्र: ‘एवढ्या मोठ्यानं सांगायची काय गरज होती, कस्टमर उभा होता, माझ्यावर यांचा भरवसाच नाही.’

बघ ना, मनात एवढं वादळ आणि तोंडून गेलं ते फक्त ‘बरं’. मॅडमच्या कानावर तेवढंच पडलं. त्या ‘बरं’वरून त्यांनी तुझ्याबद्दल काय ठरवलं असेल? ‘हिला सांगितलं तरी काही फरक पडत नाही’, असंसुद्धा असेल. दोघीही न बोललेल्या गोष्टींवरून एकमेकींना ओळखताय.

डावीकडची वाक्यं जशीच्या तशी बोलायची नाहीत. त्यातली शिवी काढायची, शंका ठेवायची. तू असं म्हणू शकतेस: “मॅडम, या आठवड्यात माझी काही व्हाउचरं परत आली. माझ्या कामावर तुमचा विश्वास नाही, असं मला वाटायला लागलंय. हा माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल. तुमच्या बाजूनं काय आहे ते मला सांगाल का?” यात तीन गोष्टी आहेत. काय घडलं ते, त्यावरून तुला काय वाटलं ते, आणि ते फक्त वाटणं आहे याची कबुली. ही कबुली सोडलीस तर बाकीचा नुसता आरोप होतो. आणि प्रश्न विचारलास की गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागला तरी मध्ये बोलू नकोस. आपण बायका शांतता सहन न होऊन ‘तसं काही नाही हो मॅडम, सहज विचारलं’ म्हणून मोकळ्या होतो आणि हातातली वेळ घालवतो.

काउंटरवर विचारू नकोस, मॅनेजरच्या केबिनमध्ये नको आणि मार्चअखेरीच्या गर्दीत तर नकोच. शाखेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नको, त्यांच्या खाजगी नंबरवरही नको. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिलंय, की ईमेलमधला सूर समोरच्याला नीट कळेल अशी लिहिणाऱ्याची जेवढी खात्री असते, त्यापेक्षा कितीतरी कमी वेळा तो कळतो. तू नम्रपणे लिहिशील आणि त्या टोमणा म्हणून वाचतील. समोरासमोर बस, आवाज ऐकू दे.

एक मात्र बजावून सांगते. हे सगळं कामातल्या कुरबुरींसाठी आहे. कुणी नको तिथे हात लावला, घाणेरडं बोललं, तर तिथे ‘त्याची बाजू काय असेल’ हा विचार करत बसायचं नाही. त्यासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. जातीवरून कुणी अपमान केला तरी तो सोसून समजूतदारपणा दाखवायची तुझ्यावर सक्ती नाही.

आणि समज, मॅडमना विचारलंस आणि तुझाच अंदाज खरा निघाला? त्यांनी उडवून लावलं, पुन्हा तसंच वागल्या? मग तारखेसह लिहून ठेव आणि मॅनेजरकडे जा. तेव्हा तुझ्या हातात तर्क नसेल, घडलेल्या गोष्टी असतील, आणि मॅनेजरला त्या ऐकाव्याच लागतील. मी तुझ्या पाठीशी आहेच. पण त्यांना एकदाही न विचारता बदलीचा अर्ज देऊ नकोस. सोमवारी शटर वर जायच्या आधी पाच मिनिटं माग त्यांच्याकडे.