धुरंधरांची पोस्टकार्डं

माजिवडा, ठाणे

चि. मुक्ता,

पाठ्यपुस्तकांची चित्रं काढून हात बिघडतो, म्हणून ते काम सोडायचं आणि फक्त तैलचित्रं रंगवायची, हा तुझा विचार मला पटत नाही. महादेव विश्वनाथ धुरंधरांचं काम बघ. कोल्हापूरचा हा तरुण १८९० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आला, १८९६ मध्ये तिथेच शिक्षक झाला आणि १९३१ मध्ये निवृत्त झाला. बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलेल्या या माणसाने पोस्टकार्डांसाठी चित्रं काढण्यात कमीपणा मानला नाही. एडवर्ड्स या लेखकाच्या मुंबईवरच्या १९१२ च्या पुस्तकातही त्यांचीच चित्रं आहेत. पोस्टकार्ड तळहाताएवढं, त्यात पार्श्वभूमी रंगवत बसायला जागा कुठली? मग माणूस ओळखू यायचा तो पदराच्या ओच्यावरून, पागोट्याच्या बांधणीवरून, डोक्यावर ओझं असताना मान कशी राहते त्यावरून. त्यांच्या मोठ्या चित्रांतली गर्दी जिवंत वाटते, प्रत्येक जण वेगळा उभा असतो, त्याचं मूळ मला या छपाईच्या कामात दिसतं. पौराणिक चित्रं काढणाऱ्या धुरंधरांपेक्षा हे धुरंधर मला जास्त मोठे वाटतात, लोक काही म्हणोत.

तू म्हणशील, हे सगळं गिऱ्हाइकाच्या नजरेने काढलेलं होतं. आक्षेप खरा आहे. रॉथफेल्डच्या १९२० च्या ‘विमेन ऑफ इंडिया’ला धुरंधरांचीच चित्रं आहेत; त्यात बायका जातींच्या नि प्रांतांच्या नमुन्यांसारख्या मांडल्या आहेत, आणि ती मांडणी साहेबी कुतूहलाचीच. पण विषय गिऱ्हाईक ठरवतं; नऊवारीची निरी कुठे घट्ट, कुठे सैल, हे चित्रकारालाच बघावं लागतं. दुसरा आक्षेप फोटोचा: कॅमेरा असताना चित्र कशाला? कॅमेरे धुरंधरांच्या काळातही होते. माजिवडा नाक्यावर उड्डाणपुलाखाली रिक्षासाठी ताटकळणाऱ्यांचा फोटो मोबाइल क्षणात काढेल, पण त्या घोळक्यातलं काय गाळायचं हे त्याला ठरवता येणार नाही. नेमकं तेच तुला त्या पाठ्यपुस्तकाच्या चौकटीत रोज करावं लागतं. पैसे कमी मिळतात ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यावर प्रकाशकाशी भांड, चित्रांवर राग काढू नकोस. धुरंधरांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ मिळवून वाच, आणि राजीनामा तोवर तुझ्याकडेच ठेव.

तुझा,
काका