राउटर बसवायच्या दिवशी मुलं घरात असू द्या

नेटवाला येणार म्हटलं की आपण त्याला मुलं शाळेत असतानाची वेळ देतो. मध्ये लुडबुड नको, काम पटकन उरकेल, एवढाच आपला हेतू. तो येतो, भिंतीला भोक पाडून बारीकशी फायबरची वायर आत घेतो, जवळात जवळचा प्लग शोधून तिथे डबा टेकवतो, आपल्या फोनवर ‘चालू झालं बघा’ म्हणून दाखवतो आणि पुढच्या घरी जातो. पासवर्ड बहुतेकदा आपलाच मोबाइल नंबर. संध्याकाळी मुलं दप्तर टाकायच्या आधी विचारतात, ‘आई, पासवर्ड काय?’

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे, की ही वेळ बदला. शनिवारी दुपारी बोलवा, रविवारी सकाळी बोलवा, पण मुलं घरात असताना बोलवा. पुढची काही वर्षं घरातली निम्मी भांडणं या डब्यावरून होणार आहेत. तो बसवण्यात मुलाचा हात असेल, तर ती भांडणं पुष्कळ सौम्य होतात.

सुरुवात जागेपासून करू. वायर जिथून आत येते, ती जागा नेटवाल्याच्या सोयीची असते. राउटर शक्यतो घराच्या मधोमध, थोडा उंचावर, मोकळ्यावर हवा. आपण मात्र तो दिसू नये म्हणून टीव्हीच्या मागे ढकलतो किंवा शोकेसच्या कपाटात बंद करतो आणि मग महिनाभर ‘नेट फार स्लो आहे’ म्हणून फोन करत बसतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी, सिमेंटचा खांब, या सगळ्या गोष्टी रेंज अडवतात. थोडी जास्त वायर सोडायला नेटवाल्याला आधीच सांगून ठेवा.

जागा पक्की करण्याचं काम मुलाला द्या. हातात फोन, त्यावर स्पीड मोजायचं ॲप आणि सगळं घर पालथं घालायची परवानगी. आठ-नऊ वर्षांचं मूल हे काम इतकं मन लावून करतं, की बघत राहावं. आमच्या लेकीनं कागदावर घराचा नकाशा काढून प्रत्येक खोलीत आकडे लिहिले होते. आजोबांच्या खोलीत कपाटामागे रेंज अगदीच कमी होते, हे तिनंच शोधलं. आजोबा रोज रात्री परदेशातल्या काकाशी व्हिडिओवर बोलतात, म्हणून राउटर दोन हात सरकवायचं तिनंच ठरवलं. घरातल्या दुसऱ्या माणसालाही नेट लागतं, हे तिला त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही न सांगता कळलं.

आजकालच्या बहुतेक राउटरमधून दोन प्रकारचं नेट मिळतं. 2.4 गिगाहर्ट्‌झचं भिंतींतून लांबवर पोचतं, पण वेग कमी. शेजारपाजारच्या सगळ्यांची त्यावरच गर्दी असते आणि मायक्रोवेव्ह चालू केला की त्यात खरखर होते, कारण तोही साधारण त्याच लहरींवर चालतो. 5 गिगाहर्ट्‌झचं वेगवान, पण एक-दोन भिंती मध्ये आल्या की दमतं. हे मुलांना सांगून बघा. मायक्रोवेव्ह लावून स्पीड पुन्हा मोजायला ती लगेच धावतील.

घरात आजी असतील तर ‘त्यातून रेडिएशन येतं म्हणे’ ही काळजीही निघते. ती काळजी उडवून लावू नका. या लहरी एक्स-रेसारख्या नसतात, राउटरमधून निघताना त्यांची ताकद फार थोडी असते आणि अंतर वाढलं की ती झपाट्यानं घटते. तरी आजींना चैन पडत नसेल तर डबा कुणाच्या उशाशी ठेवू नये. तो हॉलमध्येच जास्त बरा चालतो.

मुलांच्या खोलीत रेंज कमी येते म्हणून आपण हळहळतो. मूल लहान असेल, तर मला ते चांगलंच वाटतं. ते फोन घेऊन हॉलमध्ये येईल, तुमच्या आसपास बसेल. दहावी-बारावीच्या मुलाला मात्र दार लावून लेक्चर ऐकायचं असतं. त्याला हॉलमध्ये, टीव्हीच्या आवाजात बसवणं हा अन्याय आहे. त्याच्यासाठी खोलीपर्यंत वायर ओढा.

मग पासवर्ड. ते दोन असतात आणि दुसऱ्याचा आपल्याला पत्ताच नसतो. एक वायफायचा, जो पाहुण्यांना सांगतो तो. दुसरा राउटरच्या आतल्या सेटिंगचा. फोनच्या ब्राउझरमध्ये 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 टाकलं की बहुतेक राउटरचं ते पान उघडतं. नेमका पत्ता आणि सुरुवातीचा पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. हा दुसरा पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि तो आईवडिलांकडेच राहू द्या. सातवी-आठवीतल्या मुलांना ते पान आपल्याआधी माहीत असतं.

वायफायचा पासवर्ड लांब ठेवा, मोबाइल नंबर नको, तो अख्ख्या बिल्डिंगकडे असतो. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए 2 किंवा डब्ल्यूपीए 3 निवडा. नेटवर्कला आडनाव आणि फ्लॅट नंबर देऊ नका. नाव मुलांनाच ठेवू द्या, त्यावर अर्धा तास वाद होईल, होऊ दे.

पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असेल तर ती जरूर चालू करा. मित्र घरी येतो, पासवर्ड मागतो आणि आपलं पोर कात्रीत सापडतं. दिला तर आई रागावेल, नाही दिला तर मित्र ‘कंजूस’ म्हणेल. वेगळा पासवर्ड असला की ते मोकळेपणानं देतं, आणि घरातले बाकीचे फोन, लॅपटॉप त्यापासून अलग राहतात.

आता आपण सगळेच करतो ते. चार हाका मारूनही मूल जेवायला उठत नाही, ताट वाढलेलं, दिवसभराचा शिणवटा अंगात, आणि मग आपण सरळ जाऊन राउटरचं बटण दाबतो. पोरगं ताडकन उठून येतं. काम झालं असं वाटतं.

त्याच्या बाजूनं बघू या जरा. तो चार मित्रांबरोबर खेळत होता, खेळ रंगात आला होता आणि तो अचानक गायब झाला. मित्रांना दिसलं, की हा सामना सोडून पळाला. काही खेळांत अर्ध्यातून गेलेल्याला पुढचा काही वेळ खेळूच देत नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत ‘तुझ्या आईनं नेट बंद केलं ना’ हे त्याला ऐकावं लागतं. जेवताना तो गप्प असतो तो उद्धटपणानं नव्हे, त्याला लाज वाटत असते. ती लाज तो आपल्याला सांगत नाही.

पुष्कळ राउटरच्या ॲपमध्ये वेळापत्रकाची सोय असते. कुठल्या फोनला किती वाजेपर्यंत नेट, हे ठरवता येतं. ते मुलाच्या शेजारी बसून भरा. तुम्ही दहा म्हणाल, तो साडेदहा म्हणेल, सव्वादहावर या. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी आठवण करायची, एवढं आपण पाळायचं. ठरलेल्या वेळेला नेट गेलं तर मूल चिडतं, पण मित्रांना आधी सांगून बाहेर पडू शकतं. आणि रोजरोज वाईट ठरायची पाळी आपल्यावर येत नाही.

ते विचारणारच, ‘मग बाबांच्या फोनला का नाही?’ माझ्या मते बाबांचाही फोन त्यात घालावा. ऑफिसमुळे जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. आपण अकरा वाजता पलंगावर रील्स बघत असतो, हे मुलांना दिसत असतंच.

तरी या डब्याच्या हातात सगळं नाही. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन नेटवर्कला आपली खरी ओळख न दाखवता बदललेली ओळख दाखवू शकतात. त्यामुळे त्या फोनसाठी लावलेली वेळ चुकू शकते. घरच्या वायफायपुरतं ते सेटिंग बंद करावं लागतं. शिवाय मोबाइल डेटा आहे, शेजारच्या दादाचा हॉटस्पॉट आहे. नको त्या साइट अडवायला राउटरच्या डीएनएसच्या रकान्यात 1.1.1.3 आणि 1.0.0.3 घालता येतं. क्लाउडफ्लेअरची ही कुटुंबांसाठीची मोफत सोय आहे. काही कंपन्यांच्या डब्यात हा रकाना बदलता येत नाही, आणि बदलला तरी सगळंच अडतं असं नाही. पण लहान मुलाच्या नजरेला चुकून काही पडू नये, यासाठी तेवढं पुष्कळ.

ही गाळणी लावली आहे, हे मुलांना सांगा. काही राउटरमध्ये कुठली साइट उघडली याची यादीही दिसते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची ती यादी रात्री गुपचूप वाचावीशी वाटते. भीती असते म्हणूनच वाटते, मला कळतं. पण एकदा तिला ते समजलं, की खरी अडचण आल्यावर ती आपल्याकडे येणार नाही. कुणी फोटो मागितला, धमकावलं, तर तिनं सर्वांत आधी आपल्याला सांगायला हवं, आणि त्या वेळी ‘तू तिथे गेलीसच का?’ हा प्रश्न आपल्या तोंडून निघता कामा नये. मुलांच्या मदतीसाठीचा 1098 आणि ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठीचा 1930, हे दोन्ही नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

आणि मे महिन्याच्या सुटीत ते वेळापत्रक पुन्हा उघडा. मूल वर्षानं मोठं झालेलं असतं, पहाटेची शाळा नसते, क्रिकेटचं शिबिर असतं. काय बदलायचं ते आधी त्याला बोलू द्या. ते एखादा तास जास्त मागेल. त्यातला थोडा द्यायला हरकत नसावी.