पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द

गेल्या पावसाळ्यात १४ महिन्यांच्या नातवाला घेऊन एक आजी दवाखान्यात आल्या, तेव्हा मुलाचे डोळे लाल होऊन चिकटले होते, कानामागून उतरलेले पुरळ छातीपर्यंत पोहोचले होते आणि श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. आजींनी पिशवीतून काढलेल्या लसीकरणाच्या कार्डावर, नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या चौकटीत, तारखेऐवजी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : ‘अंडे’.

आठव्या महिन्यात अंड्याचा घास खाऊन तोंडाभोवती गांधी उठल्या, आणि ‘लशीत अंडे असते’ या मोबाईलवर आलेल्या मजकुरावर विसंबून, डॉक्टरांना न विचारता, घरच्यांनी लस परस्पर रद्द केली. गोवराने फुप्फुसे गाठली. मूल वाचले, परंतु हा प्रसंग सर्वथा टाळता आला असता, याची चीड मला अजून आहे.

वाचकहो, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लशीतील विषाणू मानवी पेशींवर वाढवलेले असतात. तेथे अंड्याचा संबंधच नाही. गोवराच्या ज्या लशी कोंबडीच्या गर्भपेशींवर तयार होतात, त्यांतही अंड्याचे प्रथिन इतके अत्यल्प असते की अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलांनाही त्या निर्धास्तपणे देता येतात. फ्लूची लस बहुधा अंड्यातच वाढवतात. तीही या मुलांना चालते. खरा अपवाद आफ्रिकेत जाताना लागणाऱ्या पीतज्वराच्या लशीचा; ती तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावी. दूध, शेंगदाणे, मासे यांची ॲलर्जी हे गोवराची लस नाकारण्याचे कारण नव्हे. पूर्वीच्या मात्रेनंतर गंभीर प्रतिक्रिया आली असेल, किंवा जिलेटिन सोसत नसेल, तर मात्र ते आधी सांगावे.

लशीनंतर सातव्या ते बाराव्या दिवशी येणारा ताप वा फिकट पुरळ ही ॲलर्जी नव्हे. खरी तीव्र प्रतिक्रिया अतिशय विरळा, दहा लाख मात्रांमागे एखादी, आणि ती बहुधा काही मिनिटांतच दिसते. म्हणूनच अर्धा तास केंद्रावर थांबवतात, आणि तेथून सटकण्याची घाई करणाऱ्या पालकांना मी स्पष्ट शब्दांत रागावतो. अंगभर गांधी, ओठांना सूज, घोगरा आवाज, घरघर, लागोपाठ उलट्या, मूल एकाएकी मलूल वा पांढरेफटक पडणे, यांपैकी काहीही दिसताच तत्काळ हाक मारावी. त्या क्षणी इलाज एकच : मांडीत ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. खाजेचे सिरप किंवा काढा पाजण्यात गेलेले मिनिट जिवावर बेतू शकते.

गोवर होऊन गेला तरी रुबेलापासून संरक्षण हवेच, म्हणून त्या मुलाला १६ महिने पूर्ण झाल्यावर तीच लस दिली. आजी बाकावर त्याचा हात धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत अर्धा तास बसल्या. मूल तेवढ्या वेळात बिस्किट खाऊन झोपी गेले होते.